तेरा वजा करत

ओउलूत फेब्रुवारी. दुपारी चारलाच
प्रयोगशाळेची खिडकी निळी पडते.
खुर्चीत आज तौनो हुह्तामाकी, वय एकसष्ट,
रात्रभर ट्रॅक्टरने रस्त्यांवरचा बर्फ सारतो.
छातीवर तीन इलेक्ट्रोड: ही आमची कसोटी, सोनाराच्या दगडासारखी.
डाव्या मनगटावर एक घड्याळ, उजव्यावर दुसरं,
बोटात अंगठी.
"लग्नातसुद्धा इतकं घातलं नव्हतं," म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

मी सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं.
निरोगी काळीज घड्याळासारखं चालत नाही.
श्वास आत, ठोके जवळ येतात.
श्वास बाहेर, पांगतात.
८९२, ९४१, ९७०, ८८८.
सेकंदाच्या हजाराव्या भागातला हा अघळपघळपणा
आपल्याला मोजायचाय.
तो गेला, ठोके विटांसारखे एका मापाचे पडू लागले,
की समजायचं, आतून काहीतरी आवळलं गेलंय.

छातीवरच्या तारा घरातच बसलेल्या.
घड्याळ मात्र कातडीत हिरवा उजेड टाकून
रक्त कधी येऊन गेलं याचा अंदाज बांधतं,
भिंतीला कान लावून
आतलं भांडण रंगवून सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
बोटं गारठली, पट्टा सैल झाला, हात हलला,
की एखादा ठोका निसटतो.
निसटला की दोघांमधलं अंतर दुप्पट दिसतं,
आकडा उडी मारतो,
आणि न सापडलेला ठोका
पडद्यावर हिरवं पान होऊन उगवतो:
आपण निवांत आहात.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे काकणच आरसा म्हणून विकलं जातं.

मग ताण द्यायचा. आमच्याकडे तो ठरावीक मिळतो.
एक हजार बावीसमधून तेरा वजा करा, मोठ्याने, थांबायचं नाही.
एक हजार नऊ. नऊशे शहाण्णव. नऊशे त्र्याऐंशी.
तो उतरत गेला, एकेक गल्ली साफ करत गेल्यासारखा,
न चुकता, न घाई करता.
मग बर्फाच्या पाण्यात हात.
विद्यार्थी इथे किंचाळतात.
त्याने तळाशी वाकून पाहिलं आणि विचारलं,
"मासे?"
ताण नगण्य. चारही यंत्रांचं एकमत.
असं क्वचित होतं, मी वहीत खूण केली.

शेवटी अर्ज. साधाच. पत्ता, औषधं, झोप.
आणि तळाला एक ओळ:
काही झाल्यास कोणाला कळवायचं?

पेन थांबलं.
मी त्याच्याकडे नाही, पडद्याकडे पाहत होते, सवयीने.
८१२. ८१०. ८११. ८११.
विटा.
अख्खं मिनिट भिंत चढत राहिली.
डाव्या घड्याळात हिरवं पान.
अंगठी: संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करा.
उजवं म्हणालं, थोडं चालायला जायचं का?

त्याने एक नाव लिहिलं, खोडलं,
आणि लिहिलं: नगरपालिका, रस्ते विभाग.

निघताना त्याने विचारलं, यातलं खरं कुठलं?
"छातीवरचं."
"मग त्याला कळलं?"
मी म्हणाले, आम्ही फक्त अंतरं...
तोवर तो हातमोजे चढवत होता.

रात्री आकडे चाळले. नियम आहे:
शेजारच्यापेक्षा वीस टक्क्यांनी वेगळं अंतर दिसलं
की कचरा समजून गाळायचं.
डाव्या घड्याळाचं ते मिनिट
बहुतेक सगळं चाळणीत राहिलं.
अहवालात गेलं: सरासरी चूक अकरा मिलीसेकंद, समाधानकारक.

अंगठी परत द्यायची तो विसरला.
सकाळी तिचे आकडे आपोआप येऊन पडले.
पहाटे सहा चाळीस. ताण: कमाल.
पाळी संपवून सौनात बसला असेल,
उष्णतेने नाडी धावते, यंत्र फसतं,
नेहमीचंच आहे.

सौनात असेल.
मी फोन उचलला, अर्ज काढला,
आणि रस्ते विभागाचा नंबर
पाहत बसले.