वारा सुटला की

ओउलूत वारा सुटला की वीज स्वस्त होते,
म्हणून आइली रात्री दोनला उठते
आणि रेंडर लावते.

सॉफ्टवेअर फुकटातलं.
ग्राफिक्स कार्ड जुनं, आभासी नाणी खणून दमलेलं,
विकणाऱ्या पोरानं नजर चुकवत दिलेलं.
पंखा घरघरतो. त्याच्या गरम झोतावर
ती लोकरी मोजे वाळत घालते.

चित्र एवढंच: टेबल, काचेचा पेला, अर्धं पाणी.
नव्या मशीनला मिनिटाचं काम.
हिच्याकडे उजेड पाण्यात शिरायलाच पाच वाजतात.
आधी सगळीकडे नुसता रवा सांडलेला,
मग काठ,
काठावरची चकाकी.

सकाळी त्रेसष्ट टक्के.
वारा पडलाय. वीज महाग.

‘थांबवा’वर बोट ठेवून ती बसून राहते.
मोजे वाळलेत.
पेल्याची सावली
अजून यायचीय.