क्षमता : एकोणपन्नास

सॅन अँटोनिओच्या पश्चिम अंगाला
बस जिथे वळते आणि पुढे रस्ता थोडा खचलेला आहे
तिथलं टायरचं दुकान बंद पडून वीस वर्षं झाली.
आता त्याला गॅलरी म्हणतात.
फरशी अजून रबराचा वास सोडत नाही.

मी नगरपालिकेची माणूस.
गळ्यात ओळखपत्र, कमरेला टेप.
खोली मोजायची, दारं मोजायची,
भागाकार करून भिंतीवर एक आकडा ठोकायचा :
आग लागलीच तर
किती जण जिवंत बाहेर पडतील.

"पेद्नेकार," सेनोबियाबाईंनी ओळखपत्र वाचलं.
"कुठली गं तू? वेराक्रूस?"
"वेंगुर्ला."
"ते कुठे आलं?"
"समुद्रावर."
दोघींनी तेवढ्यावर भागवलं.

पुढच्या खोलीत एलियासार शाई ओढत होता,
घरभाडं वाढवणाऱ्यांच्या नावाने लाल पोस्टरं.
वाळत घातलेली, कपड्यांसारखी.
मी दोरीची उंची मोजली. नियमात बसली.

मागच्या खोलीत मात्र
दार अडवून मांडलेली पायऱ्यांची वेदी :
मेणबत्त्या, कोकचे ग्लास, एक कवळी,
आणि एकशे बारा फोटो.
(झेंडू मूळचा कुणाचा, हा विषय मी काढला नाही.)

म्हटलं, "हे हलवावं लागेल. दार आहे इथे."
बाई म्हणाल्या, "कुणाला हलवू?
तू बोट दाखव."

मी बोट दाखवलं नाही. कारण बोटाच्या टोकाशी
एक लांब टेबल होतं, करडं,
त्याच्या दोन्ही बाजूंना बायका पेकान सोलताना,
आणि तिसऱ्या बाईच्या प्रत्येक बोटाला
चिंधी.
"माझी आई," सेनोबियाबाई म्हणाल्या,
"टरफलं नखाखाली शिरायची."

माझी शेवंती आत्या काजूच्या कारखान्यात
बिया फोडायची. हाताला राख.
तरी तेल कातडी खायचंच.
बघायला पाहुणे आले की हात पदराखाली,
आणि आम्हा पोरांना, "हात बगू नको गो."
तिचा फोटो एकच. मतदार यादीतला.
त्यात हात येत नाहीत.

हे मी कुणाला सांगायला आले नव्हते.
माझ्याकडे त्या दिवशी अजून चार इमारती होत्या.

संध्याकाळी अकरा जण जमले. वेदी डावीकडे सरकवायची,
दीड हात फक्त. पण एकदम नाही,
एकेक फोटो उचलायचा, नाव घ्यायचं,
परवानगी मागायची, मग ठेवायचा.
तीन तास लागले.
कुणी काका सापडेना म्हणून वीस मिनिटं थांबलो.
तो कवळीच्या मागे होता.

मी टेप धरला. छत्तीस इंच.
दार उघडलं, कुरकुरलं,
गल्लीतली हवा आत आली आणि चार मेणबत्त्या गेल्या.

नात इत्सेल, वय नऊ, छिन्नी घेऊन
पतंगी कागदाला भोकं पाडत बसली होती.
"तुमच्या बाईचं नाव लिही."
मी लिहिलं. तिने मान वाकडी करून पाहिलं :
"ही अक्षरं आधीच दोरीला टांगलेली आहेत!"
मग ठोकत गेली. जांभळ्या कागदातून
शेवंती तुकड्यातुकड्याने खाली पडली
आणि कागदात उरली.

टांगताना उलटी टांगली.
मी काही बोलले नाही. गल्लीतून आलं
तर सुलटं वाचता येतं.

अहवालात लिहिलं : मागचं दार मोकळं.
क्षमता एकोणपन्नास.
शेऱ्याचा रकाना मी बराच वेळ
पेनने नुसता टोचत राहिले.

घरी येऊन टेप ओढला तर सातव्या इंचावर
जांभळा अनुस्वार चिकटलेला.
नखाने निघेना.