तीन बोटं

नवतपा लागला त्या दिवशी माझ्या बॅगेत
काही बायोडाटा होते, पाण्याची बाटली,
ऊन लागू नये म्हणून आईनं टाकलेला कांदा
आणि घडी न मोडलेला पांढरा कोट.

धरमपेठेत काचेच्या दारामागं एसी होता.
डॉक्टर म्हणाले, इम्प्लांट बसवता येतं?
म्हटलं, शिकेन.
म्हणाले, शिका आणि मग या.
प्रतापनगरात मॅडमनी विचारलं, लग्न कधी?
मुली ठरल्या की निघून जातात हो,
आम्हाला पुन्हा शोधत बसावं लागतं.
जरीपटक्यात पगार नव्हता, टक्के होते,
पेशंट आले तर.
सदरला कोणी भेटलंच नाही.
कंपाऊंडरनं बायोडाटा घेतला
आणि त्यानंच स्वतःला वारा घातला.

पहिल्या वर्षी मी मेणाच्या दाढा कोरल्या होत्या.
दवाखान्यांतून मागून आणलेले उपटलेले दात
मुरंब्याच्या बरणीत साठवले होते;
ती बरणी आईनं पुन्हा कधी वापरली नाही.
इंटर्नशिपला सात नंबरच्या खुर्चीवर
भंडाऱ्याहून, काटोलहून आलेली माणसं
गाल धरून बसायची.
अनुभव किती, असं एकानंही विचारलं नाही.

दिघोरीच्या पुढं, पिठाच्या चक्कीवर
रेवतकर सरांचं क्लिनिक. खुर्चीवरसुद्धा पिठाची साय.
त्यांनी कागद पाहिलाच नाही.
म्हणाले, बाहेर शालिक बसला आहे,
त्याची दाढ बघ.

शालिक ठवरे. समोरच्या ठेल्यावर खर्रा घोटतो.
पन्नीवर घासून घासून तळहात
पाट्यासारखा गुळगुळीत झालेला.
आ करा.
केला न बाप्पा, तोंड इतकंच खुलते.
स्वतःची तीन बोटं उभी घाला, म्हटलं.
दोन गेली. तिसरं ओठाशी थांबलं,
बंद दुकानासमोर गिऱ्हाईक थांबावं तसं.
गालाच्या आत पांढरे ताण, चरचर वाजतील असे.
दिवसाला किती?
म्या कुठं खाऊन राहिलो, मॅडम,
चव पाहतो निस्ती. प्रत्येकाची चव अलग असते.

त्या दोन बोटांच्या फटीतून
दाढ काढायला चाळीस मिनिटं लागली.
लाइट गेली, आली. खालून चक्कीचा हादरा.
माझ्या नाकावरून घाम मास्कमध्ये उतरत होता.
सर पूर्ण वेळ हात खिशात घालून उभे होते.
का, ते मला चहाच्या वेळी कळलं:
बशी वाजत होती.

उद्यापासून ये, म्हणाले. बारा हजार.
शटरची एक चावी तुझ्याजवळ ठेव.

बाबा कळमन्याच्या बाजारात मापाडी.
कूलरसमोर बसले होते, गाल भरलेला.
मला पाहून पुडी उशीखाली सरकवली,
जशी मी शाळेत असताना सरकवायचे.
किती? म्हणाले.
बारा.
बरं आहे, म्हणाले. सुरुवातीला बरं आहे.
आणि चपला शोधू लागले, कोपऱ्यावरून
तर्री-पोहा आणतो म्हणून.
म्हटलं, बाबा, आधी तोंड धुऊन या.
मग तीन बोटं घाला. उभी.
हसले. पहिली फी माझ्याकडूनच का?

मी कूलरमधल्या पाण्याकडे बघत राहिले.
तीस वर्षं दुसऱ्यांचा माल मोजलेला माणूस,
त्यानं स्वतःच मोजलं.
अडीच, म्हणाले.
थोडं थांबून म्हणाले,
बाजारात अडीचला आम्ही तीन लिहितो.

उरलेल्या एका बायोडाटाच्या पाठीवर
मी नाव लिहिलं, वय लिहिलं,
तोंड उघडणं: अडीच बोटं.
पुढच्या बाजूला अनुभवाचा रकाना
तसाच कोरा होता.

बाबा पोह्यांसाठी गेले. पुडी उशीखालीच होती,
मी ती काढली नाही, अजून नाही.
साडेनऊला शटर उघडायचं आहे.
जड आहे म्हणे. हल्ली सर
शालिकला हाक मारतात.