तीन पॉइंट दोन

ओताकार गेला तेव्हा विमान पुरं झालेलं होतं.
फक्त नाकात काही नव्हतं.
ब्लाझेनानं ते जुन्या चादरीत गुंडाळलं,
बसमध्ये दोन सीटांचं तिकीट काढलं
आणि बेच्वा नदीकाठी, आमच्या मैदानावर येऊन म्हणाली,
याला एखादं इंजिन सुचवा.
स्थळ सुचवा म्हणावं, तसं.

पोटात, बाल्साच्या फळीवर, पेन्सिलीनं लिहिलेलं: ३.२
पुढे एकक नाही.

किलो, म्हणाला येरोनिम. तीन किलो दोनशे.
म्हणजे दहा सीसी, डोळे मिटून.
सीसीच आहेत ते, म्हणाला हिनेक,
ओताकार पेट्रोल भरतानासुद्धा नाणी मोजायचा.
सॉसेजच्या काट्यावर ठेवलं:
एक किलो नऊशे दहा.
दोघंही गप्प. मग पुन्हा दोघंही बोलू लागले.

येरोनिमनं आपलं दहाचं इंजिन नाकाशी धरलं,
तशी शेपूट टेबलावरून उठली.
शेपटीत शिसं घालू, म्हणाला.
वजन वाढलं, तर पंखाला आतून पट्टी.
पंख जड, तर चाकांची तार जाड.
सव्वा तास आम्ही एका इंजिनासाठी
दुसरंच विमान बांधत बसलो होतो, तोंडानं.

ब्लाझेना चहा निववत होती.
म्हणाली, तिशीतसुद्धा तो
जिना कठडा धरून चढायचा.
घाई कशाची, विचारलं तर सांगायचा नाही.

तेव्हा मी टॉर्च घेऊन नाकात पाहिलं.
बीचच्या दोन दांड्या, मध्ये फट,
आणि चार भोकं. आधीच पाडलेली.
इतका वेळ आम्ही माणूस मोजत होतो,
भोकं कुणीच मोजली नव्हती.

साडेसहा सीसी.
येरोनिमच्याच खोक्यात, चिंध्यांखाली एक होतं,
अंगठ्यानं फिरवलं तर अजून ठोसा देणारं.
स्क्रू चारही, न रेटता, बसले.
बोटांवर तोललं: पंखाखाली, तिसऱ्या हिश्शावर,
विमान आडवं राहिलं. कुणी हललं नाही.

बीट काढलेल्या शेतांवरून वारा येत होता.
पंचवीस बाय पंधराचा पंखा, एरंडेलाचा निळा धूर,
गवतातून लांब, जरा कंटाळवाणी धाव,
आणि मग चाकं कधी सुटली ते दिसलंच नाही.
हिनेकनं थ्रॉटल निम्म्यावर आणला.
ते खाली आलं नाही. तेवढ्यावरच फिरत राहिलं,
संध्याकाळी कुणी आपल्याच गल्लीत फिरावं, तसं.

तीन पॉइंट दोन म्हणजे काय, शेवटपर्यंत कळलं नाही.
वॉर्निशचा डबा असेल, ती म्हणाली,
किंवा डॉक्टरांनी सांगितलेला कुठला तरी आकडा.

इंजिन निवेपर्यंत थांबली. मग चादर उलगडली.
तेल लागेल, म्हटलं मी, डाग जाणार नाही.
लागू दे, म्हणाली,
ही त्याच्याच बाजूची आहे.