श्वास रोखा

वर्षातून पाच-सहाच सकाळी
नागपूरला खरं धुकं येतं.
मे महिन्यात ज्या गावाचं डांबर चपलेला चिकटतं
तिथं ते मुक्कामाला राहणार तरी कसं?
म्हणून डिसेंबर लागला की मी गजर लावते पावणेपाचचा
आणि खिडकीतून आधी समोरच्या गच्चीवरची टाकी शोधते.
दिसली, तर परत झोप.
नाही दिसली, तर मोपेड.

मानेवाड्यापासून अंबाझरीपर्यंत
सगळे सिग्नल पिवळे, नुसते पापण्या मिटत-उघडत.
हातमोजे लेकाचे. मफलर कुणाचा, ते आता आठवत नाही.
कॅमेरा बर्डीवरून घेतलेला,
दुसऱ्या कुणाच्या तरी हातून शंभर लग्नं बघून थकलेला.
त्याची बॅटरी माझ्याआधी काकडते,
तिला मी काखेत धरून ऊब देते, आजारी पिल्लासारखी.

पाळीवर फिरणारे असतात, मोठ्यानं हसण्याचा क्लब असतो.
मी पलीकडच्या काठाला,
ओल्या गवतात, जिथून सूर्य शहराच्या पाठीमागून येताना दिसतो.
आधी नुसतं करडं.
मग, तांब्याच्या भांड्याला चिंच लावल्यावर
पहिल्यांदा उजळतो ना,
तेवढाच एक डाग.

आणि आवाज: फाट्. फाट्.
जाळ्याकडे मासे हाकायला
कुणीतरी पाण्यावर काठी आपटतंय.
माणूस दिसत नाही, डोंगा दिसत नाही.
किती प्रयत्न केले, तो आवाज काही फोटोत येत नाही.

बटण दाबताना मी श्वास रोखते.
सवयच आहे. दिवसभर मेडिकलच्या एक्स-रेच्या खोलीत
मी लोकांना हेच तर सांगते:
हनुवटी वर. छाती टेकवा. खांदे पुढे.
मोठा श्वास घ्या.
रोखा.
सोडा.
बावीस वर्षं झाली.
आतलं धुकंही मला ओळखता येतं,
बरगड्यांमागं, वरच्या कोपऱ्यात, पिंजलेल्या कापसासारखं.
ते मला आवडत नाही.
मी काही बोलत नाही. रिपोर्ट डॉक्टर देतात.

गेल्या जानेवारीत रांगेतून एक जण आत आला,
चिठ्ठीवर नाव फागो मारबते, वय अठ्ठावन्न.
शर्ट काढता काढता थांबला.
"तुमी त्या तळ्यावरच्या बाई न?
रोज पाह्यतो मी तुमाले डोंग्यातून.
धुक्यात एकट्याच उभ्या राह्यता,
मले वाटे, काही हरवलं असन."

म्हणजे मी त्याला दिसत होते.
इतके हिवाळे.

त्याची छाती थंडगार पाटीला टेकवली,
म्हटलं, श्वास रोखा,
आणि आपलाही रोखला.
फिल्म उजेडात धरली तर तो वाकून बघायला लागला:
"हा फोटो रंगीत नाही निघत का?"

नाही म्हटलं.
पण पुढच्या आठवड्यात एक रंगीत घेऊन गेले,
माझा सगळ्यात चांगला, ज्याला ऑफिसात सगळे वा म्हणाले होते,
मोठा करून, कडेनं पांढरी पट्टी सोडून.
काठावर तो गोळ्यांचं पाकीट बंडीच्या खिशात कोंबत होता.
फोटो त्यानं हात धोतराला पुसून घेतला,
लांब धरला, जवळ आणला, उलटा करून मागेही पाहिलं.

"याच्यात मी कुठी हावो?"

मी बोट ठेवलं. पाण्याच्या टोकाला,
तिळाएवढा काळा ठिपका.
तो बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिला,
खोकला दाबत.

"मंग हा सूर्य
इतका मोठा कायले काढला?"

या वर्षी धुकं अजून आलं नाही.
टाकी रोज दिसते.
तरी मी उठते, बॅटरी काखेत धरते
आणि खिडकीशी कान लावते.