गुरुवारचा नळ

बुधवारी रात्री मी माळ्यावरचं पिंप भरतो.
दोनशे लिटर, निळं, मार्केट यार्डातून आणलेलं.
आधी त्यात कुणाचं तरी लोणचं होतं.
पहिले दोन महिने नळाला मोहरीचा वास यायचा
आणि ओजस नळाला नाक लावून हसायचा.

गुरुवारी धनकवडीत पाणी नसतं.
लोक बादल्या भरून ठेवतात,
महापालिकेला चार शिव्या देतात, कामाला लागतात.
ओजस एकोणतीस वर्षांचा आहे.
त्याच्यासाठी नळ सोडला आणि पाणी आलं नाही
म्हणजे पायरी उतरायला पाऊल टाकावं
आणि खाली जिनाच नसावा.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी
त्यानं बेसिन भिंतीतून उपटलं.
मंदाच्या मनगटात स्टीलची पट्टी आहे तेव्हापासून.
ससूनमध्ये डॉक्टरनं विचारलं, कुणी मारलं?
ती म्हणाली, पडले.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं,
असल्या बायकांच्या नवऱ्यांकडे पाहतात तसं.
मी मान खाली घातली.
म्हटलं, चालेल. माझ्यावर जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी पिंप आणलं.
अर्ध्या इंची पाइप, एक बॉलव्हॉल्व्ह, चार एल्बो.
एकतीस वर्षं चिंचवडला फिटर होतो,
प्रेशर कुठं साठतंय ते पाइपावर हात ठेवला की कळायचं.
पोराचं कळायला जवळजवळ तेवढीच वर्षं गेली.

आधी डावा अंगठा मुठीत जातो.
मग "बस आली का, बस आली का,"
शाळेची बस,
तो अठराचा झाला तेव्हापासून न आलेली.
मग हात कानांवर.
तोवर मी चष्मा काढून फ्रिजवर ठेवलेला असतो,
मंदा जिन्यात गेलेली असते, दार उघडं असतं.
बोलायचं ते दोनच शब्द: इथेच आहे.
हात पुढे करायचा नाही.
हे सगळ्यात जड गेलं शिकायला.
बापाचा हात आपोआप पुढे जातो.

जुलै लागला की मागच्या मैदानावर ढोलांचा सराव.
मी भांडायला गेलो होतो, खरं सांगतो, काठी घेऊन.
पथकातली एक मुलगी, गार्गी,
कमरेचा ढोल न सोडता सगळं ऐकून घेत उभी राहिली.
आता रोज पावणेसातला फोनवर येतं,
"काका, दहा मिनिटांत सुरू करतोय."
तेवढ्यात हेडफोन, पांघरूण, आतली खोली.
रोज जमतंच असं नाही.

सोसायटीचं पत्र आलं, मुलाला योग्य ठिकाणी ठेवावे.
टाइप केलेलं, खाली सात सह्या.
त्यातल्या दोघांच्या घरचे गीझर मी बसवलेत.
योग्य ठिकाण पाहून आलो, दौंडच्या अलीकडे.
बाग होती. खिडक्यांना जाळ्या होत्या.
मंदा फी विचारत होती,
मी एकेक नळ सोडून बघत होतो.
पाणी बंद असतं त्या दिवशी काय करता, विचारलं.
तिथला माणूस हसला.
वाईट नव्हता. फक्त त्याला प्रश्न कळला नाही.

गेल्या बुधवारी माझा गुडघा शिडीवर चढेना.
तिसऱ्या पायरीवरूनच खाली आलो.
ओजस बघत होता.
मग काही न बोलता तो चढला,
पाइप पिंपात सोडला, कान पिंपाला लावला.
खाली व्हॉल्व्हपाशी मी.
पाणी चढताना आवाज बारीक होत जातो,
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.
"बंद," तो म्हणाला.
केलं.
काठाला चार बोटं राहिली होती.

सकाळी नळ चालू होता.
तरी त्यानं मला ढकललं, चहा सांडला,
कोपर अजून निळं आहे.
ते वेगळ्या कशावरून तरी झालं.
काय ते शोधतोय.
पाण्यावरून नव्हतं.