पाणसळ

व्हायनिल चहाडखोर असतं, रेनी.
दोन मिलिमीटरची त्याची जात,
पोटात काही राहत नाही.
खाली वाळूचा एक कण विसरलास
की महिन्याभरात ते सगळ्या घराला सांगतं.
म्हणून आधी गुडघे टेक.

थंडर बे, मार्च संपत आलेला.
आइली रांताबाईंच्या मागच्या खोलीत
(पूर्वी तिथे गाडी राहायची)
गालिचा उचलला तर खाली काळा डिंक,
सत्तर सालच्या आसपासचा.
तो कोरडा घासायचा नाही.
त्याची धूळ छातीत घर करते,
माझ्या उस्तादाच्या छातीत केलं होतं.
ओला कर, खरवड, पिशवीत भर, तोंड आवळ.
पिशवीचं. आणि स्वतःचंही.

मग प्लॅस्टिकचा हातभर चौकोन
चारी कडांनी जमिनीला डकवला,
आणि बाईंना म्हटलं, आता तीन दिवस काही नाही.
"काही नाही म्हणजे?"
म्हणजे काही नाही.
"शनिवारी ओस्मो घरी येतोय. वॉकर घेऊन."
ठाऊक आहे, बाई.
काँक्रीटला ठाऊक नाही.

तिसऱ्या सकाळी प्लॅस्टिकच्या आत दव.
दिसायला दगड, पण श्वास घेतो.
रेनी बाहेर जाऊन बघून आला:
पन्हळीचा नळ भिंतीच्या बुडाशीच ओतत होता
अख्ख्या छपराचं वितळतं बर्फ.
एक कोपर, सहा फूट नळ, संपलं.
चूक वर होती,
आम्ही खाली नाक लावून बसलेलो.

शनिवारी ओस्मो आला तो करड्या, उघड्या जमिनीवरच.
वॉकरची चाकं खडखडली.
बहीण माझ्याकडे बघेना.

पुढचे नऊ दिवस ती चहासुद्धा विचारत नव्हती.
पुन्हा चौकोन, या वेळी कोरडा.
तरी ओल रोखणारा लेप, दोनदा.
उंचवटा घासला, भेगा भरल्या,
लांब पट्टी धरली तर मधोमध
पाच रुंद बोटं सरकतील एवढ्या लांबीचा खळगा,
खोली मात्र नाण्याएवढी.
नाणंसुद्धा पुरतं, चाक अडायला.

मिश्रण ओतायच्या दिवशी
ओस्मो दारात खुर्ची टाकून बसला.
अर्धे शब्द त्याच्या डाव्या गालातच राहत.
बादली कलली, ताकाइतकं पातळ करडं पसरत गेलं,
तसा तो पुढे वाकला.
"कोपऱ्यातून. लांबच्या.
मागे मागे ये, दाराकडे.
फार ढवळू नको त्याला."
बहीण म्हणाली, पोरांच्या हॉकीसाठी
हा रात्री दोनला मैदानावर पाणी सोडायचा,
चाळीस हिवाळे.
मी पाणसळ खिशातून काढलीच नाही.

दुसऱ्या रात्री दिवे मालवले.
ओस्मोने उजव्या हातातली बॅटरी
जमिनीला टेकवून आडवी धरली.
उजेड भिंतीपर्यंत गेला, कुठेही न अडखळता.
नाही, एकदा अडखळला:
खिडकीखाली एक कण,
त्याची सावली करंगळीएवढी.
रेनीने बोट जिभेला लावलं
आणि तो टिपला.

बाईंनी चहा टाकला.